रणगाड्याचे खटके

वेल्डर होता तोवर त्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून. फुटबॉलच्या मोठ्या सामन्याहून कुणाचं नाक न फोडता तो घरी आल्याचं बायकोला आठवत नव्हतं. मग लोखंडी सांगाड्यावरून पडला. कमरेखालचं सगळं गेलं आणि बॅटरीची खुर्ची आली, दोन दांडग्या गड्यांच्या वजनाची. गल्लीनं नाव ठेवलं रणगाडा. खुर्चीला की त्याला, ते गल्लीलाच ठाऊक.

आज इतक्या वर्षांनी अंतिम सामना. बायकोची अट एकच.

"हात उचललात, तर तिथंच टाकून येईन."

"पाय गेलेच आहेत. हातही बांध."

"तोंडापासून सुरुवात करते."

पहिल्या गोलला पुढचे उठले ते बसलेच नाहीत. उरलेला सामना त्यानं लोकांच्या पाठींवर बघितला. एकानं तर अंगातलं जाकीट काढून त्याच्याच डोक्यावर टाकलं, खुंटीवर टाकावं तसं. त्यानं दात खाल्ले, हात मांडीखाली दाबून ठेवले.

बाहेर पडताना बॅटरीनं मान टाकली. बायकोनं घरच्या सवयीनं मागच्या चाकांचे दोन्ही खटके सोडले. म्हणजे मोटर सुटते आणि खुर्ची हातानं ढकलता येते; लावले की चाकं जाम. पण घरची फरशी सपाट, इथं उतार. ती खाली उभी राहून खुर्ची उलटी उतरवू लागली, तो वर तोंड करून. त्यामुळे त्यालाच आधी दिसलं.

वर हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांनी कठडा उपटला होता. त्यातल्याच एका गजानं एकाचं डोकं फुटलं, भोपळ्यासारखं. दुसऱ्याला लाथांखाली घेतलं होतं. मग सगळा लोंढा उतारावरून खाली सुटला.

पहिल्याच धक्क्यात बायको खाली कोसळली आणि खुर्ची तिच्यावर चालून गेली. त्यानं डाव्या हातानं भिंतीतला आधाराचा गज धरला. खांद्यात काहीतरी कडकन तुटलं. चाक तिच्या छातीला टेकून थांबलं.

"खटके लाव!"

"हात पोचत नाही!"

एक धटिंगण त्याच्यावर चढून पलीकडं जाऊ पाहत होता. त्याचा बूट ह्याच्या तोंडावर बसला, दात हलला, रक्त गळ्यात उतरलं. मारायला उजवा हात मोकळा होता. पण मारताना अंगाला झटका बसला असता, तर डाव्याची पकड सुटली असती. त्यानं उजव्यानंही गज धरला आणि दुसरा बूट खाल्ला. मग तिसरा.

खाली खट्ट वाजलं. जरा वेळानं पुन्हा खट्ट.

"दोन्ही?"

"दोन्ही."

चाकं जाम झाली. त्यानं गज सोडला आणि धटिंगणाच्या नाकावर असा ठोसा हाणला की हाड मुठीला लागलं. तो आडवा पडला. मागचे दोन्ही अंगांनी फुटून गेले, दगडाला पाणी फुटावं तसे.

गर्दी सरल्यावर बायको चाकामागून बोलली. "बघितलं मी."

"मग जा टाकून."

"खटके लागलेत. आधी मला बाहेर काढा."