प्रवेशाच्या रांगेतला माझा रूम पार्टनर

अर्थशास्त्रावर खरंखुरं प्रेम जडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि यवतमाळला एम.ए. करताना तो माझ्याच खोलीत राहत होता. बाकी आम्ही सगळे या विषयात ढकलले, नाहीतर ओढले गेलेलो. कुणाला भूगोलात जागा मिळाली नव्हती, कुणाला घरच्यांनी स्पर्धा परीक्षेला बरं म्हणून घातलं होतं. माझा रूम पार्टनर मात्र दिग्रसहून, अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान सोडून, अर्थशास्त्र शिकायचं म्हणूनच आला होता. असा विद्यार्थी विभागातल्या आमच्या सरांनीही आधी पाहिला नसावा, कारण सुरुवातीला ते त्याच्याकडे जरा संशयानेच बघायचे.

मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. मेसच्या ताटात वरणाची एक रेषा, तर्रीची दुसरी, आणि दोन्ही भेटतील तिथे कांद्याची फोड. सरांच्या स्कूटरच्या धूळभरल्या सीटवर त्याने बोटाने अशीच आकृती काढली, तेव्हा ती पुसली जाऊ नये म्हणून सर चालत घरी गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एखादी गोष्ट जास्त जास्त मिळत गेली की तिची गोडी घटते, हा नियम शिकवला त्या दिवशी त्याने पोह्यांवर प्रयोग केला. प्रत्येक प्लेटीनंतर गंभीरपणे सांगायचा, "मजा येऊनच राह्यली अजून, थांब." शेवटी गाडीवाल्याचेच पोहे संपले आणि नियम तपासायचा राहिला.

पण तो खरा पाहावा तो प्रवेशाच्या रांगेत. आमच्या प्रवेशाच्या वर्षी अर्थशास्त्राला नावंच आली नव्हती, आणि शनिवारपर्यंत संख्या भरली नाही तर वर्ग बंद, असं ऑफिसने सांगून टाकलं. दुसरा कुणी असता तर त्याने सरळ अमरावतीचं विद्यापीठ गाठलं असतं. हा दुसऱ्या विषयांच्या रांगांत जाऊन उभा राहिला. भूगोलाच्या रांगेत कोळसा खाणींच्या राजूरची एक मुलगी होती. तिला म्हणाला, "कोळसा जमिनीखाली, गाव जमिनीवर. किंमत कोनाची ज्यादा, हे कोन ठरवते? ते इथं शिकवतेत." ती रांग सोडून अर्थशास्त्राच्या खिडकीकडे निघाली. मी मराठीच्या रांगेत होतो, हातात माझी कथांची वही. मला विचारलं, "कथा लिहितं ना बे? मंग मानूस काय घेते अन् त्यापायी काय सोडते, हे नको शिकाले?" मी आजवर इतक्या कथा वाचल्या, पण कथेबद्दल याहून मोठं कुणी मला सांगितलेलं नाही. शनिवारी वर्ग भरला.

परीक्षेत आम्ही सगळे, त्याने ओढून आणलेलेसुद्धा, गाईड घोकून पास झालो. तो नापास झाला. पहिला प्रश्न होता, किंमत कशी ठरते. संपूर्ण वेळ तो तेवढंच लिहीत बसला, पुरवण्यांवर पुरवण्या जोडत. बाहेर आल्यावर म्हणाला, "विषय रंगात आलता अन् घंटी झाली." पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि दुसरा प्रश्न लिहिला. फक्त दुसरा. मग अब्बांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं आणि तो दुकानावर गेला. पदवी राहिली ती राहिलीच.

मी आता त्याच विभागात तासिकेवर शिकवतो. यंदा पुन्हा नावं येईनात, पुन्हा वर्ग बंद व्हायची भाषा सुरू झाली. माझी नोकरीही वर्गासोबतच जाणार होती. मी दिग्रसला फोन केला. सकाळच्या एसटीने तो आला, नखांत ऑइल तसंच, आणि थेट रांगेत शिरला. संध्याकाळपर्यंत वर्ग भरला होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की आभार मानायचंही सुचलं नाही.

त्या दिवसाचा माझा शेवटचा तास, दुसऱ्या वर्षाच्या वर्गावरचा, अजून उरला होता. "बसू काय मांगं?" त्याने विचारलं. त्या दिवशी मी किंमत कशी ठरते तेच शिकवत होतो. तो शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून पोरासारखा ऐकत होता. घंटा झाली, मुलं गेली, तरी तो उठेना. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला सर म्हटलं.

"सर, याच्या पुढचं उद्या घेसान काय?"

उद्या तो दुकानावर असणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी फळा पुसायचा थांबलो. "हो," म्हणालो, "उद्या."