अक्काला त्रास काही नव्हता

अक्का कुठेही झोपायची. कंपनीच्या बसमध्ये तर झोपायचीच, पण लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, कॅन्टीनच्या रांगेत भिंतीला टेकून, आणि एकदा तर सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच रांगेत, साहेब आग विझवायचं नळकांडं कसं धरायचं ते दाखवत होते तेव्हा, थेट त्यांच्या तोंडासमोर झोपली. घोरायची नाही, मान पडायची नाही. ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, स्टुडिओतल्या फोटोतल्या बाईसारखी. साहेबांना वाटलं, बाई डोळे मिटून मन लावून ऐकतेय. तिचं बघा, असं लक्ष पाहिजे, म्हणाले. आम्ही तोंडाला पदर लावून हसलो आणि अक्का त्या हसण्यानं जागी झाली.

आम्ही दोघी महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांना लागणारी रबरं तपासायचो. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात उभं राहायचं, रबरावरून बोटं फिरवत न्यायची, चीर लागली की ते लाल क्रेटमध्ये टाकायचं. काम अवघड नाही हो. अवघड असतं तर निदान घरी जाऊन सांगता तरी आलं असतं. पण शिफ्ट सुटल्यावर पोटऱ्यांत जे काही भरून येतं त्याला नाव नाही, आणि घरी गेल्यावर पुन्हा उभं राहून पोळ्या लाटायच्या असतात. मी अजून तेच करते. अक्का परभणीकडची, नवऱ्याबरोबर पिंपरीजवळच्या चिखलीला आलेली. तो टेम्पो चालवायचा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. तिचं खरं नाव हजेरीच्या वेळीच ऐकू यायचं आणि दरवेळी मला वाटायचं, ही कोण नवीन बाई?

तिचं दुसरं वेड म्हणजे कच्चे तांदूळ. ॲप्रनच्या खिशात पुडी असायची. सुपरवायझरची पाठ वळली की चिमूटभर तोंडात, आणि मग शेजारी उभं राहून मी दिवसभर ते कुरुमकुरुम ऐकायची. आमच्या बसमध्ये मोशीच्या एक वहिनी होत्या, जुन्या गावातल्या, बोलायला फटकळ. त्या म्हणायच्या, "अगं, चूल न्हाई का घरात? का पोटातच भात लावती?" अक्का हसून त्यांच्याही हातावर चिमूटभर ठेवायची. तिसरं वेड स्वेटरचं. ऐन वैशाखात, शेडचा पत्रा तापून भाजत असताना, ही मरून रंगाचा स्वेटर घालून उभी. "मला गारवा सोसत नाई गं," म्हणायची. आमची सगळ्यांची करमणूक होती ती.

आणि रागावायची नाही. खिडकीची जागा कुणी बळकावली, असू दे. ठेकेदारानं भर सणाच्या दिवशी कामावर बोलावलं, असू दे. माझ्यासारखी तापट बाई दिवसातून दहा वेळा कुणावर तरी फणकारायची आणि अक्का माझ्या दंडाला हात लावून म्हणायची, "जाऊ दे गं रेखा, कामून जीव जाळायलीस?" मी घरी नवऱ्याला सांगायची, स्वभाव असावा तर अक्कासारखा.

एकदा कंपनीत बायकांच्या तपासणीचा कॅम्प लागला. सोनोग्राफीत अक्काच्या गर्भाशयात गाठ निघाली. मी तिच्या मागेच रांगेत होते, पडद्याआडचं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाबरवलं नाही. म्हणाल्या, याला फायब्रॉइड म्हणतात, ही कॅन्सरची गाठ नाही, पुष्कळ जणींना असते. त्रास होत नसेल तर काही करावं लागत नाही. पाळी गेली की बहुतेक वेळा आपोआप बारीक होते. मग त्यांनी विचारलं, पाळीत जास्त जातं का, पोट जड वाटतं का, दम लागतो का, थकवा?

"त्रास काही नाही," अक्का म्हणाली.

मग राहू द्या, पण लक्ष ठेवा, त्या म्हणाल्या, सहा महिन्यांनी परत दाखवा, मधे काही वाटलं तर आधी या. अक्कानं मान डोलावली. आमच्या टेबलाच्या कोपऱ्यात शंकेचा माल ठेवतात, साहेब नंतर बघतील म्हणून, आणि तो तिथेच धूळ खातो. तसंच तिनं केलं. सहा महिने आले नि गेले.

बसमध्ये मात्र गदारोळ. तिथल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, आणि ते अशा सहज सांगायच्या की जणू अक्कलदाढ काढली. मोशीच्या वहिनी पुढच्या सीटवरून वळून म्हणाल्या, "काढून टाक. पोरं झाली न्हाई का तुझी? मंग कशाला ठिवती? आमी काढली, काय वाकडं झालं?" सगळ्या माना हलल्या. अक्का एवढंच म्हणाली, "राहू द्या की तिला तिच्या जागी. तिनं दोन लेकरं दिली मला. आता काम झालं म्हणून हाकलून द्यायची का?" आणि झोपली.

खरं कारण तिनं मला एकटीला सांगितलं. ऑपरेशन म्हणजे महिना-दीड महिना घरी, आणि आम्ही कंत्राटी बायका. आमच्याकडे रजा नसते, आमच्या जागी दुसरी असते. "मला काही व्हायलंय का? मग कामून जागा घालवू?" मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती टेबलाशी उभी असताना हळूच खाली बसली. पडली नाही, बसली, जशी कुणी पाट मांडल्यावर बसतं तशी. चेहरा पिठासारखा. सुपरवायझरनं साखरपाणी दिलं. तेवढ्यात मला तिच्या ॲप्रनवर मागे डाग दिसला आणि मी तो माझ्या ओढणीनं झाकला. दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. मी तिला अक्षरशः ओढत पिंपरीला एका डॉक्टरांकडे नेलं. रस्ताभर ती मलाच समजावत होती, ऊन लागलं असेल, जाऊ दे.

तिथल्या डॉक्टर वयानं लहान होत्या. त्यांनीही तेच विचारलं, त्रास काय होतो? आणि ह्या बाईनं पुन्हा तेच सांगितलं, त्रास काही नाही! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अहो मॅडम, हिचं काही ऐकू नका. ही बसल्या जागी झोपते. कच्चे तांदूळ खाते. मे महिन्यात स्वेटर घालते. काल उभ्या उभ्या खाली बसली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची अक्काकडे ओढली आणि हळूहळू विचारत गेल्या.

"पाळीत रात्री उठून बदलावं लागतं?"

"ते तर उठावंच लागतं की."

"अंथरूण खराब होतं?"

"नाई. मी खाली प्लास्टिक घालते."

"कधीपासून?"

"धाकटा शाळेत जायला लागला तवापासून." धाकटा आता आयटीआय करतो.

"आणि याला तुम्ही त्रास म्हणत नाही?"

अक्का गोंधळली. खरंच गोंधळली हो, नाटक नव्हतं ते. म्हणाली, "त्रास म्हणजे मॅडम, काम अडलं तर त्रास. माझं काम कुठं अडलं?"

डॉक्टरांनी रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली. मला विचारलं असतं तर माझंही उत्तर तेच असतं.

रक्त तपासलं तर अंगात रक्तच नाही म्हणायची वेळ. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी समजावलं: झोप, गारवा, तांदूळ खायची इच्छा, हे सगळं त्यातूनच असणार. एकेक सवय त्यांनी बोटावर मोजून दाखवली आणि मला काहीतरीच वाटायला लागलं. ज्या अक्कावर आम्ही जीव लावला होता ती अक्का त्यांनी टेबलावर सुटी करून ठेवली. परतताना बसमध्ये ती झोपली नाही. मोरवाडीच्या चौकात म्हणाली, "रेखा, मला वाटायचं माझा सोभावच हाय हा." मी तिचा हात धरून बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई नाही, पण नुसतं लक्ष ठेवून आता भागणार नाही. आधी लोह भरून काढू, रक्तस्राव कमी करायचं औषध देऊ. मग नुसती गाठ काढता येते, पिशवीही काढता येते, औषधावरही काही दिवस काढता येतील. प्रत्येकाचं बरंवाईट सांगितलं आणि म्हणाल्या, ठरवायचं तुम्ही. इथं अक्का अडली. तिला उभ्या आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तर तो भला माणूस म्हणाला, तुला बरं वाटेल तसं कर. अक्का माझ्यापाशी येऊन कुरकुरली, "मला बरं काय वाटतं हे मला तरी कुठं माहीत हाय? बरं वाटून किती वर्षं झाली!"

लोह अंगी लागत गेलं तसा स्वेटर गेला, पुडी गेली. बसमध्ये अक्का टक्क जागी. आणि मग आला राग! खिडकीवरून मोशीच्या वहिनींशी जुंपली. ठेकेदाराला तोंडावर म्हणाली, सणाला मी येणार नाही. सुपरवायझरला म्हणाली, बसून बोटं फिरवली तर चीर कळत नाही का, आम्हाला स्टूल कामून नाहीत? आम्ही बघतच राहिलो. वहिनी मला कानात म्हणाल्या, "हिला काय चावलं गं?" मी म्हटलं, "रक्त चढलंय." मलाही जरा अवघडच गेलं. माझ्या फणकाऱ्याला शांत करणारी बाईच आता माझ्याहून मोठ्यानं फणकारायला लागली होती.

पाळीतला रक्तस्राव मात्र औषधानं हवा तेवढा आटोक्यात येईना. शेवटी तिचं तिनं ठरवलं. बसमध्ये उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "गाठ काढणार हाय मी. पिशवी नाई काढणार. तिच्याशी माझं भांडण नाई." डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की गाठ पुन्हा होऊ शकते. तेही ऐकून घेऊनच ती बोलत होती. मी हळूच विचारलं, "आणि कामाची जागा?"

"जाईल तर जाईल. थकायलाच जायचं तर कंपन्यांना काय तोटा हाय इथं?"

जागा गेली. तिला टाके पडले त्याच आठवड्यात टेबलाशी एक नवी पोरगी उभी राहिली. तिला बोटं कशी फिरवायची ते मीच शिकवलं. बिचारीचा काय दोष, तरी पहिले काही दिवस मला तिचं तोंड बघवत नव्हतं. अक्काला भेटायला गेले तर ती उशीला टेकून बसलेली, नवऱ्यानं केलेला पाणचट चहा पीत. म्हणाली, "अगं, मला वाटायचं थकवा पगारासोबतच देतात." आणि टाके दुखतील म्हणून पोट धरून हसली. मला तिची फार आठवण येते. खरं सांगायचं तर त्या झोपाळू, असू दे म्हणणाऱ्या अक्काचीच जास्त येते, आणि त्याची मला लाज वाटते.

आता ती देहूला एका खाणावळीत भाकऱ्या करते. बसून. दर रविवारी फोन करते. "कशी आहेस" असं कधीच विचारत नाही. "त्याचं उत्तर तयारच असतंय बायांकडं," म्हणते. ती काहीतरी नेमकंच विचारते. गेल्या रविवारी विचारलं, "आज जिना चढताना मधी थांबलीस का?"

मी विषय बदलणार होते. पण कोण जाणे, सांगून टाकलं, "दोनदा थांबले."

पलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला. "उद्या सुट्टी टाक," अक्का म्हणाली. "मी येते."

सुट्टी टाकली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी सकाळी सुपरवायझरला फोन लावला. "काय त्रास होतोय?" त्यानं विचारलं, विचारायचं म्हणून. मी सांगायला लागले, तर ते संपेचना.