फ्रीज रिकामा जाऊ नये म्हणून

कुसुम, टेम्पो सुटला तेव्हा तू पदर डोळ्याला लावून अशी रडत होतीस, की बेलापुरातल्या आपल्या आळीतल्या बाया मला सोडून तुलाच धरायला धावल्या. काय गं बाई तुझं ते रडणं! आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. तू माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लावून आपण संसार केले. म्हणून हे तुला लिहितेय. गाव सोडून पोरांकडे राहायला गेलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनीही वाचावं.

श्रीकांत म्हणाला होता, "आई, दिवाळीपर्यंत राहा चिंचवडला. नाही करमलं तर मीच आणून सोडतो." पोटचा पोरगा, मी विश्वास ठेवला. पण मग फ्रीज कशाला न्यायचा? विचारलं तर म्हणाला, "बंद घरात पडून खराब होतो तो." पटलं मला. बालवाडीत उभा जन्म पोरांच्या थापा ओळखण्यात गेला, आणि घरच्या पोराची थाप कळली नाही.

त्या फ्रीजची बडदास्त तू बघितलीसच. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवला, आतून कोरडा पुसला. काचा आणि भाजीचा ट्रे माझ्या जुन्या लुगड्यांत गुंडाळले. "आडवा घालायचा नाही हं, कंप्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं," असं श्रीकांत हमालांना दहादा बजावत होता. वरून गोधडी, गोधडीवर दोरी. दाराला चिकटपट्टी लावणार, तेवढ्यात तू लगबगीनं पुढं झालीस. "अक्का, घरातली वस्तू रिकामी न्हाई जाऊ देत. कनगीतलं मूठभर धान्य घालावं. मंजी वस्तू बी फिरून येती, अन् मानूस बी." फडक्यात बांधलेली बाजरी तू अंड्यांच्या कप्प्यात ठेवलीस. तुझी आणि श्रीकांतची नजरानजर झाली. मला वाटलं, दोघांनाही भरून आलंय.

राहुरी गेलं, नगर गेलं. प्रत्येक खड्ड्याला श्रीकांत मागं वळून फ्रीज बघायचा. माझी कंबर धरली होती, लघवीलाही लागली होती. जरा थांबा म्हटलं तर म्हणाला, "आता थेट घरीच उतर." तशीच बसले आवळून.

सोसायटीच्या लिफ्टमधून फ्रीज उभाच वर नेला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. "लगेच चालू करायचा नाही. तेल खाली उतरू दे. संध्याकाळपर्यंत याला कुणी हात लावू नका," श्रीकांतनं फर्मान काढलं. सूनबाई माझ्याकडे वळली. "आई, तेवढी भांडी लावून घ्याल?" मी म्हटलं, माझंही तेल जरा खाली उतरू द्या की! दोघं खो खो हसली. मग मी भांडी लावली.

संध्याकाळी श्रीकांतनं चिकटपट्टी कापून दार उघडलं, आणि बाजरी भसकन फरशीवर सांडली. तुझी गाठ वाटेतच सुटली होती. दाराच्या रबरात दाणे घुसले, दार काही लागेना. सूनबाई टाचणीनं दाणे उकरत बसली. "फ्रीजमध्ये धान्य कोण घालतं हो, आई?"

"कुसुमनं घातलंय. फ्रीज आणि मी परत जावं म्हणून."

श्रीकांत प्लग लावायला वाकला होता. तसाच वाकून बोलला, "परत कुठं आई? घर संजूनं घेतलं. खरेदीखत झालं मागच्या महिन्यात. काकूच म्हणाली, अक्कांना सांगू नको, मग त्या निघायच्या नाहीत." आणि त्यानं बटण दाबलं. फ्रीज घुर्र करून सुरू झाला. "झाला बघ चालू! काही बिघडलं नाही," तो म्हणाला. सूनबाईनं टाळी वाजवली.

संजू म्हणजे तुझा मुलगा. श्रीकांतचं तरी काय चुकलं? त्याचे वडील गेल्यावर घर मीच त्याच्या नावावर करून दिलं होतं. कुसुम, घर घेतलंस ते घेतलंस, पण ती बाजरी कशाला बांधलीस गं, सटवे? गप उभी राहिली असतीस तर मी कधीतरी माफ केलं असतं तुला. सगळे दाणे गोळा करून मी ओल्या कचऱ्यात टाकले. इथं तो वेगळा ठेवावा लागतो.

परवा फोनवर म्हणालीस, "अक्का, या की दिवाळीला. घर तुमचंच हाय." नाही यायची मी. इथं सूनबाई दिवसातून दहादा म्हणते, "आई, तुम्ही बसा." वाईट नाही ती, पण 'बसा' पाहुण्याला म्हणतात. बेलापूरच्या घरात मला कुणी कधी बस म्हटलं नाही, आल्यागेल्याला मीच म्हणायचे. आता मी आले, की तू माझ्या ओट्यापासून वळून म्हणशील, "बसा, अक्का." ते कानावर पडलं नाही, तोवर ते घर माझं आहे.