बंदुकीशिवाय दुर्बीण

लेथखालचा चुरा रोज संध्याकाळी झाडून पोत्यात भरता येतो. किस्स्यांचं तसं नाही. ते साठत राहतात आणि कुणी पाहुणा चहाला बसला की बाहेर निघतात. शिरूर-न्हावरे रस्त्यावर आमचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. पुण्याच्या एका पार्टीनं काम दिलं होतं: नेमबाजीच्या एअर रायफलवर दुर्बीण बसवायचा माउंट, म्हणजे खाली क्लॅम्प आणि वर दोन रिंगा. अट एकच, माउंट काढून परत लावला तरी नेम हलता कामा नये. डिझाइन माझं, फिटिंग आमचे जुने फिटर शिवामामा यांचं. आणि वर्कशॉपात बंदूकच नाही! पार्टीनं नुसती दुर्बीण पाठवली होती आणि रायफलीवर असते तशी खाचेची एक पट्टी.

* * *

मामांच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती. दुर्बीण आली त्या दिवशी त्यांनी लांबच्या माळावर डोळा लावला तो काढेचनात. काय दिसतंय, मी विचारलं.

"तिसरं मेंढरू लंगडतंय."

मला सगळी सारखीच दिसली. मामांनी सरळ बाइक काढली आणि माळावर गेले. अर्ध्या तासानं परत आले आणि एक बाभळीचा काटा माझ्या ड्रॉइंगवर ठेवला.

* * *

पहिलं सँपल मामांनी ट्रॅक्टरच्या चाकाचा नट आवळावा तसं आवळलं. दुर्बिणीची नळी चेपली, पार्टीला दुसरी पाठवावी लागली. दुसऱ्या वेळी भीतीनं इतकं हलकं ठेवलं की दुर्बीण रिंगेत फिरायला लागली. दोन्ही परत आली. तिसरं नापास झालं तर काम दुसरीकडे, असं फोनवर स्पष्ट सांगितलं गेलं. मी हादरलोच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर माल काढला, हे पहिलं माझं स्वतःचं होतं.

मामांनी दोन दिवस स्क्रू आवळायची एलन की, ती सहाकोनी वाकडी चावी, दोन बोटांत धरून सराव केला. मग म्हणाले, "आवळायचं न्हाई दादा, धरायचं."

* * *

बंदूक नाही तर धक्का कुठून आणायचा? मामांनी तिसरा माउंट दुर्बिणीसकट बाइकच्या कॅरिअरला बांधला. न्हावऱ्यापर्यंत एकही खड्डा चुकवायचा नाही असं ठरवून आम्ही निघालो.

चहाला थांबलो तर भोवती गर्दी. आम्ही बिबट्या शोधायला आलोय, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. नाही म्हणायची सोयच उरली नाही. उसाच्या कडेला नेऊन ठसे दाखवले गेले, चहाही त्यांनीच पाजला. मामांनी कॅरिअरवरची दुर्बीण सोडून तिच्यातून उसात बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं की कुत्रं आहे. मंडळी जरा नाराजच झाली.

* * *

खड्ड्यांनी माउंट ढिला झाला नव्हता. आता नेम तपासायचा होता. खिडकीतून समोर शेजारच्या काकूंची गच्ची दिसते, तिच्यावर प्लास्टिकची काळी टाकी. मामांनी टाकीच्या एका कडेला पांढरा ठिपका मारला. पट्टी टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या शिकंज्यात पकडली आणि सकाळी आठला दुर्बिणीतली फुली ठिपक्यावर आणली. संध्याकाळी माउंट काढून परत लावला, तर ठिपका बाजूला. दुसऱ्या सकाळी पाहिलं, पुन्हा बरोब्बर फुलीवर!

असं दहा दिवस चाललं. मी स्क्रू बदलले, क्लॅम्पचा जबडा दोनदा घासला. सकाळी पास, संध्याकाळी नापास. शेवटी जमत नाही म्हणून कळवायला मी फोन हातात घेतला. मामा म्हणाले, आजचा दिस थांबा. ते स्टूल घेऊन बसले आणि दिवसभर डोळा लावून राहिले. कुणाला व्हाइसजवळ फिरकू दिलं नाही.

चारच्या सुमारास त्यांनी हाक मारली. "दादा, हात न्हाई लावला कुणी. ठिपका आपला आपण सरकतोय."

मी डोळा लावला. खरंच सरकत होता. खाली अंगणात काकू टाकीचा पाइप धरून म्हशी धूत होत्या.

"टाकी पोट आत घेतीया," मामा म्हणाले.

संध्याकाळची सगळी रीडिंग मी फाडून टाकली. सकाळची तेवढी रिपोर्टला लावली आणि सँपल पाठवलं. आठ दिवसांनी पुण्याहून इंजिनिअरसाहेबांचा फोन आला. सँपल पास! माझे डोळे भरून आले. साहेबांची एकच शंका होती. सगळी रीडिंग सकाळी आठचीच कशी, तापमानाचा काही खास अभ्यास आहे का?

मी फोनवर हात ठेवून मामांकडे पाहिलं.

"सांगा त्यास्नी," मामा म्हणाले, "काकूंची टाकी तवाच भरल्याली असती."