तिसऱ्या डेकवरचा माणूस

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील, तरी ती सांगायला बसले की माझे कान तापतात. घरातले म्हणतात, एका कार्टूनवरून एवढं काय. तेच मला सहन होत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी पेणला राहते. सकाळी शाळेत मराठी शिकवते आणि दुपारी घरी बसून डबिंगचे संवाद लिहिते. बाहेरचा सिनेमा मराठीत आणायचा असला की अंधेरीच्या एका स्टुडिओतून मला फाइल येते. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जितका वेळ हलतात तितक्याच वेळात बसेल असं मराठी वाक्य शोधायचं, हे माझं काम. कित्येक वर्षं मी बोलणारे ससे आणि हरवलेल्या राजकन्या यांच्यातच होते. मग एक दिवस तिथल्या डबिंग दिग्दर्शकांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. ते म्हणाले, "कार्टूनच आहे, पण लहान मुलांसमोर लावू नका."

तो एका व्हिडिओ गेमवरून काढलेला ॲनिमेशन सिनेमा होता. कुठल्याशा लांबच्या चंद्रावर खनिज उपसणारं एक प्रचंड अंतराळजहाज. त्या खनिजातलं काहीतरी कामगारांच्या श्वासात जातं, माणसं आतून मिठासारखी पांढरी आणि टणक होत मरतात, आणि मेल्यावर उठून चालायला लागतात. जहाज ज्या कंपनीचं असतं तिला हे आधीपासून ठाऊक असतं. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटांत लॅपटॉप बंद केला. इतकं रक्त आणि इतके तुटलेले हात मी आयुष्यात पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी काम म्हणून परत लावला आणि शेवटपर्यंत हलले नाही.

मला गेम खेळता येत नाही. पण सिनेमा नीट कळावा म्हणून दुसऱ्या कुणी खेळताना रेकॉर्ड केलेला तो गेम मी चार दुपारी बसून पाहिला. गेममध्ये जहाज जवळजवळ रिकामं असतं. चालता चालता मेलेल्या कामगारांनी रेकॉर्ड केलेले निरोप सापडतात. एक बाई आपल्यानंतर पाळीवर येणाऱ्याला सांगते की दोन नंबरच्या पंपाचा आवाज बदललाय, लक्ष ठेव. एवढंच सांगते आणि निरोप संपतो. ज्याने हे लिहिलं त्याने कधीतरी कारखान्यातल्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकलेलं होतं.

हे मी ठामपणे म्हणू शकते, कारण मी तशाच घरातली आहे. आमचं घर रोह्याला, म्हणजे पुलापलीकडे अष्टमीत. बाबा एका केमिकल कंपनीत कंत्राटी ऑपरेटर होते. सायकलवरून पूल ओलांडून पाळीला जायचे आणि परत आले की अंगाला येणाऱ्या वासावरून आई ओळखायची, आज कुठल्या प्लँटला होते. त्यांच्या तोंडी कायम नाय, व्हय, हाय. मी शिकायला पेणला आले आणि पहिल्या वर्षातच ते सगळं धुऊन टाकलं. वसतिगृहावर भेटायला आले की मी त्यांना हळू आवाजात सांगायची, बाबा, जास्त बोलू नका. ते खरंच बोलायचे नाहीत. पिशवी द्यायचे आणि जायचे.

सिनेमात एक माणूस आहे. त्याला नाव नाही, तिसऱ्या डेकवरचा कामगार एवढीच ओळख. बाहेर ती पांढरी माणसं आलेली असतात. दरवाजा आतून हाताने दाबून धरला तरच बाकीचे सुटणार असतात. हा धरून उभा राहतो आणि इंटरकॉमवर एक छोटं वाक्य बोलतो. इंग्रजीत सहा-सात अक्षरांचं असेल. मी पंधरा वेळा लिहिलं आणि पंधरा वेळा खोडलं. सगळं नाटकातल्यासारखं वाटत होतं. शेवटी रविवारी रोह्याला गेले तेव्हा बाबांना विचारलं, अशा वेळी माणूस काय बोलेल?

बाबांनी विचार केला नाही. म्हणाले, "अगो, चाचा काय बोलला व्हता म्हायती हाय ना तुला?"

मला माहीत नव्हतं. चाचा म्हणजे बाबांचे पाळीतले जोडीदार. घर आमच्याच मागच्या गल्लीत. त्यांचे भाऊबंद बहुतेक सगळे आखातात गेले, हे इथेच राहिले. त्यांचा आवाज बसलेला आहे, मी लहान असल्यापासून बसलेलाच. कंपनीत एकदा गॅस सुटला होता एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी बाबांनी बाकीचं सांगितलं. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता, हातचाक धरून कुणीतरी उभं राहायला हवं होतं. चाचांनी ते धरलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "मी हाय हितं. तुमी निगा." बाबांसकट पाचजण निघाले. नंतर कंपनीच्या कागदावर लिहिलं गेलं की कामगाराने मास्क घातला नव्हता. त्या पाळीला मास्क होतेच दोन, हे बाबा सांगत राहिले. ते कुणी लिहून घेतलं नाही.

मी ते वाक्य जसंच्या तसं घातलं. ओठांच्या हालचालीवर ते अक्षर न् अक्षर बसलं. मग तिसऱ्या डेकवरच्या सगळ्या कामगारांचे संवाद मी परत लिहिले, बाबांच्या बोलीत. विनोद एकही नव्हता. थोडकं, कामापुरतं बोलणं. चाचांना मात्र विचारलं नाही. मनात आलं होतं. पण सिनेमा आला की त्यांना दाखवून चकित करू, अशी माझी हौस.

सिनेमा एका ॲपवर आला तेव्हा बघायला चाचांच्याच घरी बसलो. त्यांच्या मुलाने दुबईहून आल्यावर मोठा टीव्ही घेऊन दिला होता. दुपारची वेळ. चाचा, बाबा आणि मी. सुरुवातीचं रक्त पाहून बाबा म्हणाले, "ह्ये तू लिवतेस?" मी म्हटलं, फक्त बोलणं. चाचा शांतपणे बघत होते. कंपनीच्या साहेबाला धोका आधीच ठाऊक होता असं उघड झालं, तेव्हा दोघांनाही नवल वाटलं नाही.

मग तिसरा डेक आला. पहिल्याच कामगाराने तोंड उघडलं. मुंबईतल्या कुणा कलाकाराने आवाज दिला होता. नाकातून, हेल काढून, प्रत्येक हाय आणि नाय ताणून, जत्रेतल्या सोंगासारखा. कॅप्टन आणि डॉक्टर स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत होते. फक्त हे कामगारच असे. मी रिमोट शोधायला लागले. तोवर तो दरवाजा आला. माणूस दोन्ही हातांनी दार दाबून उभा, हात कोपरापर्यंत पांढरे होत चाललेले, आणि इंटरकॉमवर तो म्हणतो, "मी हाय हितं, तुमी निगाऽ, आन माझा डबा तेवढा घरी पोचवाऽ."

मागून डबिंगमध्येच कुणीतरी खुदकन हसल्यासारखा आवाजही घातला होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचांकडे. ते पडद्याकडेच बघत होते. त्या बसक्या आवाजात म्हणाले, "डब्याचं मी बोललो नव्हतो."

मी उठून परसात गेले आणि सरांना फोन लावला.

"सर, तिसऱ्या डेकवरच्या माणसाचं वाक्य कोणी बदललं?"

"ते होय. अहो, ते रेकॉर्डिंगच्या वेळी सुचलं. आर्टिस्टने सहज केलं, सगळे हसले, म्हणून ठेवलं."

"तो मरतोय सर तिथे."

"म्हणूनच तर. दीड तास सलग घाबरायला लोकांना नाही जमत. मध्ये जरा मोकळं व्हावं लागतं."

"मग कॅप्टनला करू द्यायचा विनोद."

"कॅप्टन कसा करेल? तो हिरो आहे."

"आणि हा कोण आहे?"

ते हसले. मला वाटतं, खरंच प्रेमाने हसले. "मॅडम, तुम्हीच त्याला गावठी लिहिलंत ना? आम्हाला वाटलं, कॉमेडीसाठीच लिहिलंय."

मी म्हटलं की ती माझ्या वडलांची भाषा आहे. त्यावर म्हणाले, "अरे वा, मग तर गोडच आहे. आम्हाला ऐकायला फार मजा येते हो तुमच्याकडची भाषा." ते एक वाक्य परत रेकॉर्ड करता येईल का, असं मी विचारलं. म्हणाले, सिनेमा गेला आता बाहेर, आणि कार्टूनच तर आहे.

मी फोन बंद केला. शिव्या मला येतात, रोह्यात वाढले आहे. एकही दिली नाही याचा मला अजून राग येतो.

आत आले तेव्हा टीव्ही बंद होता. मी चाचांसमोर खाली बसले आणि म्हटलं, "चाचा, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "विचारायला पायजे होतं."

बाबा मध्ये पडले. "पोरीनं नाय बदललं रं. तिनं बरोबर लिवलं व्हतं."

"मला ठाव हाय. पन त्यांना दिलं तिनंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, चौकशीला मी येवढंच सांगितलं होतं, मी तिथं उभा होतो. त्यांनी लिवलं भलतंच. त्यावर माझी सही घेतली. आता परत तसंच झालं."

चाचांनी चहा घेऊन जा म्हटलं नाही, आणि त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडले.

पुढचे काही दिवस मी नुसती धुमसत होते. सरांवर, त्या कलाकारावर, मागे हसणाऱ्या माणसावर. सिनेमाच्या मूळ लेखकाने ज्या मरणाऱ्या कामगाराला एक शब्दही हलका दिला नव्हता, त्याला माझ्या भाषेत आल्यावर सोंग का करावं लागलं, याचा विचार करत बसायची. आणि मग वसतिगृहाच्या दारात पिशवी देऊन गप्प निघून जाणारे बाबा आठवायचे. सरांच्या आधी वीस वर्षं मीच त्या बोलीला तोंड बंद करायला सांगितलं होतं. हे आठवलं की रागाला धरायला जागा उरायची नाही, आणि तो आणखीच वाढायचा.

सिनेमा ज्या ॲपवर होता तिथे मी सविस्तर तक्रार लिहिली. दोन ओळींचं उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. इंग्रजीत.

महिनाभराने रोह्याला गेले तेव्हा लॅपटॉप घेऊन चाचांकडे गेले. माझी मूळ फाइल उघडली आणि तिसऱ्या डेकचे सगळे संवाद त्यांना वाचून दाखवले, त्यांचं वाक्य सोडून. ते मध्ये मध्ये थांबवत होते. "असा नाय बोलणार. हाताखालच्याला नावानं हाक मारील." मी दुरुस्त करत गेले. दरवाज्याच्या जागी पोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "माजं वाक्य अजून हाय त्यात?"

"आहे."

"काढून टाक."

मी त्यांच्यासमोर ते पुसलं. त्या जागी काय लिहू, असं विचारलं. म्हणाले, "तुज्या मनानं लिव. तुजं असू दे." मग चाचींना चहा ठेवायला सांगितलं. त्या पुसण्याने बाहेर काहीच बदलणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सिनेमात ते वाक्य डब्यासकट तसंच आहे.

गेल्या वर्षी त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. सरांचा फोन आला, नेहमीसारखा हसरा. वेळ कमी आहे, तुमच्यासारखं ओठांवर कुणाचं बसत नाही, तुम्हीच करा. मी म्हटलं, करते. पण माझं एकही वाक्य मला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, असं लिहून द्या.

"लिहून कशाला? एवढी वर्षं काम करतोय आपण. माझा शब्द आहे."

"लिहून द्या सर."

"मॅडम, डबिंगमध्ये असं कुणी लिहून देत नाही."

"मग दुसरं कुणी बघा."

ते म्हणाले, "तुम्ही त्या कार्टूनचं अजून मनात धरलंय का?"

हो, धरलंय, असं मी सांगितलं, आणि त्यांचं पुढचं ऐकायला थांबले नाही. पुन्हा तिथून काम आलं नाही. दुसरा भाग दुसऱ्या कुणीतरी लिहिला. मी दहा मिनिटं पाहिला. नव्या जहाजावर नवे कामगार होते आणि तोच नाकातला हेल होता.

सरांचा तो फोन ठेवला त्या दुपारी माझ्यासमोर सहावीच्या निबंधांच्या वह्या होत्या. त्या तपासायला घेतल्या. दहा-बारा वह्या झाल्यावर लक्षात आलं की मी नुसत्या लाल रेघा ओढत चाललेय, बरोबर शब्दांखालीसुद्धा. त्या सगळ्या वह्या मला पुन्हा पहिल्यापासून बघाव्या लागल्या.