गाडी धरून ठेवणारे भाऊ

कान्हे फाट्यावरून टाकव्याला जाणाऱ्या टमटमचा तो ड्रायव्हर. रोजची गाठ, पण नाव कधी विचारलं नाही. एक पाय बाहेर सोडून गाडी चालवायचा. मी दिसलो की बसलेल्यांना उठवून आधी मला मधोमध बसवायचा. "भाऊ मदी असलं की गाडी उडत न्हाई," म्हणायचा. मला तो मान वाटायचा. खरं तर मी वाळूच्या पोत्याच्या जागी होतो.

मग वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. पोट कापून वाटीएवढं केलं. काही महिन्यांनी मी पुन्हा फाट्यावर आलो, तेव्हा डब्यात अर्धी इडली होती आणि जुनी पँट नाडीने आवळलेली.

त्याने ओळखलं नाही, कडेला बसवलं. खड्ड्यात गाडी उडाली तसा तो हळहळला, "हितं एक जाडं भाऊ येत व्हतं. लय दिस दिसलं न्हाईत. गेलं वाटतं."

त्याचा चेहरा इतका उतरला होता, की मी म्हणालो, "हो, गेले."

"लय भला माणूस. कदी कुणाला सरका म्हणलं न्हाईत."

म्हणणार कुणाला? माझ्यामुळे सगळे आधीच सरकलेले असायचे.

पुढे एक मावशी चढल्या. तो आरशात बघून मला म्हणाला, "पाव्हणं, सरका थोडं."

मी सरकलो. जन्मात पहिल्यांदाच सरकता आलं होतं, तरी त्या गेलेल्या भाऊंचा मला फार हेवा वाटला.