निरोप आतच घ्यावा

ज्या कारखान्यात मी रेडिओ जुळवायचे, त्या कारखान्याने पन्नाशीच्या तोंडावर मला स्वेच्छेने निवृत्त केलं. स्वेच्छा नक्की कुणाची, ते कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. परदेशी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर देशात मोकळेपणाने येऊ लागले होते आणि आमचे रेडिओ गोदामात बसून त्यांचं स्वागत करत होते. आमचे हे म्हणाले, आता आराम कर. मी आठवडाभर आराम केला, त्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे दोनदा घासले, यांची कपाटं आवरली, यांना पण आवरलं. मग हेच म्हणाले, त्यापेक्षा तू एखादा धंदा काढ.

काढला. आधी बंगल्यांना चोर आला की बोंबलणारे भोंगे बसवायचे, आणि पुढे बिनकिल्लीची कुलपं. दाराच्या माथ्यावर एक विजेचं लोहचुंबक, बाजूला भिंतीवर आकड्यांची डबी. बरोबर आकडे दाबले की चुंबक सुटतं आणि दार उघडतं. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर भोंगा. पुण्यात तेव्हा संगणकाच्या कंपन्या भूछत्रासारख्या उगवत होत्या आणि प्रत्येकीला असं दार हवं असायचं. त्या कंपन्यांतली मुलं आकडे दाबून सुळकन आत जायची, सुळकन बाहेर यायची. दारात थांबून कुणाला कुणाशी काही बोलायचंच नसे. त्यामुळे भोंगा वाजत नसे आणि मला वाटे, आपली कुलपं किती गुणाची.

त्या दिवसांतला माझा एक फोटो आहे. बॉब केलेले केस, खिशाचा कुडता, खिशात टेस्टर, आणि चेहऱ्यावर भाव असा की वीज जणू या बाईच्या माहेरून आली. नात तो फोटो बघून खिदळते. मीही खिदळते. त्या बाईला 'सिस्टीम' हा शब्द फार आवडायचा. बोलताना ती तो मिठासारखा घालायची, आमटीत आणि खिरीतसुद्धा. जगात असं दुःख नाही की ज्यावर चार स्क्रू आणि एक डबी बसवता येत नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

तर त्या बाईची एक ताई होती. आई लवकर गेल्यावर तिनेच मला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, पाठीत धपाटेही घातले. ताईचा नवरा वारला, मुलगी संगणक शिकून अमेरिकेला गेली, आणि ताई हळूहळू विसरायला लागली. आधी मुलीच्या गावाचं नाव विसरली, मग नवरा वारल्याचं, मग जेवल्याचं. माणसाला सोडायला जायचं मात्र विसरली नाही.

आपल्याकडे पाहुणा 'येतो' म्हणतो तेव्हा तो जात नसतो, जाण्याचा मुहूर्त करत असतो. मग तो उठतो, पुन्हा बसतो, चपला शोधतो, आणि खरं बोलणं सुरू होतं ते दारात. तिथून जिना, फाटक, कोपरा. ताईने आयुष्यात कुणाला कोपऱ्याच्या अलीकडे सोडलं नाही. आणि निघणाऱ्याच्या हातावर चिमूटभर साखर. दही असलं तर दही, पण साखर तिच्या पदराच्या गाठीला कायम बांधलेली असे. गोड तोंडाने गेलेला माणूस परत येतो, असं ती म्हणायची.

सुरुवातीला मी तिला कर्वेनगरला माझ्याकडेच ठेवलं. मी दिवसभर शिडीवर, हे बँकेत. एकदा गॅसची टाकी आणून देणाऱ्याला ती सोडायला गेली. टाकी जोडलेली, शेगडी चालू, दार सताड उघडं. शेजारणीने वेळेत पाहिलं म्हणून इमारत वाचली. मग धायरीतल्या एका वृद्धाश्रमात तिला जागा मिळाली. धायरीत तेव्हा एक शेत, एक इमारत असं आलटून पालटून लागत असे. आश्रम दुमजली होता, विसरणाऱ्यांचा मजला वरचा.

तिथे कुणाच्याही भेटीला कुणीही आलं की ताई त्याला सोडायला निघायची. दुसऱ्या एका आजींच्या सुनेला सोडायला म्हणून गेली ती हमरस्त्यापर्यंत. सून रिक्षात बसून निघून गेली आणि ताईला परतीची वाट काही सापडेना. आम्ही सगळे अंधार पडेपर्यंत शोधत होतो. सापडली ती गावातल्या एका घराच्या ओट्यावर, हातात चहाची बशी. त्या घरची बाई म्हणाली, "आजी लई चांगल्या हायत, पन आमच्या पावण्यांना सोडाया सारख्या उठत्यात."

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या संचालिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं की आणखी एकदा असं झालं तर त्या ताईला ठेवून घेऊ शकणार नाहीत. ताईसारख्यांना घेणारी दुसरी जागा मी आधीच बघून आले होते. तिथे दुपारी सगळीकडे शांतता होती, कारण चालणाऱ्या बायकांचे हात मऊ सुती पट्ट्यांनी खाटेला बांधलेले होते. पट्ट्या स्वच्छ धुतलेल्या होत्या, हे मला तिथल्या माणसाने मुद्दाम दाखवलं. तेव्हा प्रश्न एवढाच होता: ताई धायरीत राहते, की तिचे हात बांधले जातात.

मी संचालिकाबाईंना म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका. मी सिस्टीम बसवते."

बसवली. वरच्या मजल्याच्या दाराला चुंबक, डबी, भोंगा. वीज गेली तर बॅटरी, आग लागली तर सगळं सुटावं म्हणून वेगळं बटण. शिडीवरून मी खाली बघत होते आणि खाली ताई शिडी धरून उभी होती, मी पडेन म्हणून. भाचीला मी फोनवर सांगितलं की आता तुझी आई कुठे जात नाही. ती पलीकडे रडली. मला वाटलं, आनंदाने.

पहिल्याच रविवारी भोंग्याने आश्रम डोक्यावर घेतला. मी दाराला कंपनीतल्या मुलांइतकाच वेळ दिला होता, अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात आपल्याकडे चपलेत एक पाय जातो. लोक दारात उभे, एक पाय आत, एक बाहेर, मधुमेहाची गोळी बदलली का इथपासून विषय सुरू, आणि डोक्यावर भोंगा. एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, निघा म्हणायची ही नवीन पद्धत का? आमच्याकडे नुसतं घड्याळाकडे बघतात."

मी वेळ वाढवून दिला, लोकांनी बोलणं वाढवलं. शेवटी मी पाटी रंगवून आणली: 'निरोप आतच घ्यावा. दारात थांबल्यास भोंगा वाजेल व तो लगेच बंद केला जाणार नाही.' काय अभिमान होता मला त्या अक्षराचा.

मग महिनाभरातच डबी बिघडली. सातचं बटण दाबलं की दबलेलंच राही, चारचं दबतच नसे. मी स्क्रू काढून झाकण उघडलं तर आत लाल मुंग्या. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात तारा कुरतडणारे उंदीर पाहिले होते, पाली पाहिल्या होत्या, मुंग्यांचं बिऱ्हाड पहिल्यांदाच. बटणांच्या फटींत साखर. ताई निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट ठेवत होती, माणसं ती तोंडात टाकत होती आणि त्याच बोटांनी आकडे दाबत होती. बनवणाऱ्या परदेशी कंपनीने पाणी, धूळ, ऊन सगळ्याचा विचार केला होता. माझ्या ताईचा केला नव्हता.

मी डबी पुसली, आणि संचालिकाबाईंच्या सांगण्यावरून ताईच्या पदराची गाठ सोडली. साखर काढून घेतली. ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर आश्रमाने एक रीत बसवली आणि ती सगळ्यांना पटली, मलाही. निघताना निघतोय असं म्हणायचंच नाही. पाणी पिऊन येते, फोन करून येते, असं काहीतरी म्हणायचं आणि हळूच आकडे दाबून बाहेर. ताईला मागे यायला कारणच नाही. भोंगा गप्प, दार बंद, ताई सुरक्षित. मीही कितीतरी वेळा पाणी पिऊन येते म्हणून गेले आणि पुढच्या रविवारी उगवले. तहान केवढी, बघा.

ताई शोधायची, असं तिथल्या मावशी सांगायच्या. न्हाणीघरात बघायची, खाटेखाली बघायची, मग खिडकीशी उभी राहायची. पुढे पुढे कुणी आलं की ती उठून 'या' म्हणेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून बसू लागली. आयुष्यभर जिच्या घरी चहाचं आधण उतरलं नाही, ती पाहुण्याकडे पाठ करून बसली, हे मला आधी कळलंच नाही. मी आपली डबीचा दिवा हिरवा आहे ना, ते बघत होते.

एका रविवारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"इथली माणसं न सांगता जातात," ती म्हणाली. "तू पण न सांगता गेलीस."

"मी कुठे गेले ताई? ही काय, इथेच आहे."

"आई पण अशीच गेली. मी तुला घेऊन शाळेत सोडायला गेले, तेवढ्यात." मग म्हणाली, "सांगून गेलं की माणूस किती वाजता येईल ते विचारता येतं गं."

मला आजही कुणी विचारलं तर मी ते कुलूप बसवीनच. सुती पट्ट्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण त्या दिवशी मी तेलाचे हात पुसले, संचालिकाबाईंकडे गेले आणि म्हटलं की माझ्या बहिणीला मला सोडायला येऊ द्या, जबाबदारी माझी. त्या म्हणाल्या, "मॅडम, पाटी तुम्हीच लावलीये." तरी हो म्हणाल्या.

मग आमचा एक नवाच उद्योग सुरू झाला. मी मोठ्याने म्हणायची, ताई, येते हं. ती लगबगीने उठायची, पदर सारखा करायची. मी आकडे दाबायची, आम्ही दोघी जिना उतरायचो, फाटकाशी उभ्या राहायचो. पेरूवाला, शेजारच्या बांधकामावरची बाळं, सगळ्यांवर बोलणं व्हायचं. मग ती म्हणायची, आता मी एकटी परत कशी जाऊ? म्हणून मी तिला वर सोडायला जायची. वर गेल्यावर ती म्हणायची, चल, तुला फाटकापर्यंत सोडते. असं सूर्य कलेपर्यंत. मावशी एकदा जिन्यातच म्हणाल्या, "आजी, तुमच्या दोघींत पाहुणी कोण ते एकदा ठरवा, म्हणजे आम्हाला झोपता येईल."

ताई हसली. तिने मावशींचाही हात धरला आणि त्यांनाही सोडायला निघाली.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा असा गेला. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली, मी त्यांचं ऐकलं नाही. मग थंडीत ताई फाटकापर्यंत येईनाशी झाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून हात हलवायची. मग दारापर्यंत. मग खाटेवरून पाय खाली सोडायची आणि चपला चाचपायची, तेवढंच. कुणी तिला अडवलं नव्हतं. मी दार उघडून, भोंगा बंद करून, मुद्दाम तिथे उभी राहायची. ये ना, म्हणायची. ती माझ्याकडे बघून हसायची, जसं आपण बसमधल्या परक्या बाईकडे बघून हसतो.

संचालिकाबाईंनी मला पुन्हा बोलावलं, पुन्हा चहा दिला. म्हणाल्या की वरच्या मजल्यावर जागेची फार गरज आहे, निघून जाणाऱ्यांसाठी. आजींना आता खाली हलवू या. "त्या आता कुठे जात नाहीत." त्यांनी ते चांगली बातमी म्हणून सांगितलं. चांगलीच होती. आता ताईला तिथून कुणी काढणार नव्हतं, कुणी तिचे हात बांधणार नव्हतं. मी आभार मानले आणि चहा पूर्ण प्यायले.

खालच्या खोलीला साधं लाकडी दार होतं, कडीचं, आणि ते दिवसभर उघडं असे. समोर अंगण, अंगणापलीकडे फाटक, फाटकापलीकडे रस्ता. ताईची खाट अशी होती की सगळं दिसावं. ती तिकडे बघतही नसे.

शेवटच्या दिवसांतल्या एका रविवारी मी तिच्याजवळ पुष्कळ वेळ बसले. तिची नखं कापली, भाचीचं नवं बाळ फोटोत दाखवलं. निघताना कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "ताई, मी येते हं." म्हटलं आणि थांबले. आपल्याकडे त्यावर काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं, आणि ती तर मला ते बोट धरून शिकवणारी.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तीच जुनी अदब होती, घरी आलेल्या अनोळखी माणसासाठीची.

"या हं," ती म्हणाली. "आणि जाताना तेवढं दार लोटून घ्या."

मी चपला घातल्या आणि लोटून घेतलं.